बुटकीचे दोन ठोके

आधीच सांगते. ही रात्रीची गोष्ट नाही.

वीज गेली नव्हती, कुत्रं रडत नव्हतं, वारा सुटला नव्हता. भर दुपार होती आणि डोक्यावर चांगलं ऊन होतं. म्हणूनच तर कोणी विश्वास ठेवत नाही. रात्रीचं काही सांगितलं की माणसं निदान घाबरल्याचं नाटक तरी करतात. दुपारचं सांगितलं की म्हणतात, "ऊन लागलं असेल तुला."

नाही लागलं. जे झालं ते खरं आहे आणि माझ्यासमोर झालं आहे. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहितेय.

मी मालवाहू गाड्यांच्या एका यार्डात वर्कशॉप सांभाळते. आमच्या गाड्या जोड-ट्रेलरच्या. म्हणजे पुढे ट्रक, त्याला एक ट्रेलर, आणि त्या ट्रेलरच्या मागे अजून एक. हे दोन ट्रेलर एकमेकांना जोडायला मधे एक छोटी चाकांची गाडी लागते. तिला डॉली म्हणतात. डॉलीचा दांडा पुढच्या ट्रेलरच्या हुकात अडकतो. तिच्या पाठीवर ग्रीस लावलेली मोठी लोखंडी चकती असते. त्या चकतीत मागच्या ट्रेलरची खुंटी जाऊन बसते आणि जबडा बंद होतो.

जबडा बंद झाला तर ठीक. नाही झाला, तर मागचा अख्खा ट्रेलर मोकळा.

अजून एक गोष्ट. जोडणी करताना ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये असतो. मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून मागचा माणूस आत वाकून जबडा बघतो, बाहेर येतो आणि हातोडीने लोखंडावर दोनदा ठोकतो.

ठक्... ठक्.

म्हणजे 'चल'.

हा आमच्या यार्डाचा शोध नाही. मी याआधी जिथे काम केलं तिथेही हेच होतं. ड्रायव्हर लोक जेवता जेवतासुद्धा दोन ठोके ऐकले की उठायला बघतात, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं.

तर ती डॉली.

मालकांनी ती कुठल्याशा बंद पडलेल्या यार्डातून आणली. मला न विचारता. मी किती वेळा सांगितलं होतं, की डॉल्या घ्यायच्या तर सगळ्या एका उंचीच्या घ्या. दांडा एका मापाचा, चाकं एका मापाची, ब्रेक एकसारखे. म्हणजे कुठलीही डॉली कुठल्याही ट्रेलरखाली जाते. ही बाई बाकीच्यांपेक्षा चार बोटं बुटकी! चकती खाली राहिली की खुंटी जबड्यात शिरण्याऐवजी वरच्यावर टेकते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बसली.

"अगं, चार बोटांनी काय होतंय?" मालक म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी.

यार्डात तिचं नाव बुटकी पडलं. आमच्या फिटरने पाडलं. त्या फिटरला सगळे पुढारी म्हणतात, कारण नट आवळतानाही तो भाषण देतो.

तिचा जुना रंग खरवडायला घेतला तेव्हा मला पहिल्यांदा ते दिसलं.

दांड्याच्या खालच्या बाजूला... आतल्या अंगाला... खळगे होते.

लहान लहान. एकावर एक. एकाच जागी कोणीतरी पुन्हा पुन्हा ठोकल्यासारखे. बाकी सगळ्या दांड्यावर गंज होता, आणि तेवढीच जागा चकचकीत.

"कोणीतरी वाकलेला दांडा सरळ केला असेल," पुढारी म्हणाला.

"खालून? आतून?"

तिथे ठोकायचं तर माणसाला डॉलीच्या खाली उताणं झोपावं लागेल. काम करणारा कोणीही शहाणा माणूस तिथे हातोडी चालवणार नाही. हात फिरवायलाच जागा नाही.

मी त्यावर रंग मारून घेतला. दोन हात.

आठवडाभरात तेवढ्याच जागेचा रंग उडाला होता.

माझा धाकटा भाऊ याच यार्डात ड्रायव्हर आहे. त्याला इथे मीच लावलं. त्यामुळे तो गाडीवर असला की माझा अर्धा जीव त्याच्या मागच्या ट्रेलरला बांधलेला असतो. आणि नेमकी त्याच्याच गाडीला बुटकी लागली.

संध्याकाळ व्हायची होती. उजेड स्वच्छ होता. भावाने गाडी मागे घेतली, डॉली मागच्या ट्रेलरखाली सरकली. पुढारी मागे होता.

थोडा वेळ गेला...

ठक्... ठक्.

भावाने गाडी पुढे काढली. आणि मागून जो आवाज आला, तो ऐकून मी हातातलं टाकून धावले. खुंटी जबड्यात नव्हतीच. मागचा ट्रेलर जागच्या जागी राहिला होता. त्याचे टेकूचे लोखंडी पाय अजून जमिनीवर टेकलेले होते म्हणून वाचलो, नाहीतर त्याने नाकच घासलं असतं. ब्रेकच्या हवेचा पाइप तुटून सापासारखा फडफडत होता.

"आंधळा आहेस का रे?" भाऊ पुढाऱ्यावर ओरडला. "बसलं नव्हतं तर ठोकलंस कशाला?"

"मी कुठे ठोकलं?"

"मग मी बहिरा आहे का?"

"अरे, मी बॅटरी आणायला गेलो होतो! आत अंधार होता, जबडा दिसत नव्हता. मी अजून वाकलोसुद्धा नाही!"

तो खरंच वर्कशॉपकडून येत होता. हातात बॅटरी. हातोडी कमरेच्या पट्ट्यात.

आणि ठोके मीसुद्धा ऐकले होते.

मालकांनी कोणाला झापलं असेल? मला! देखभाल माझ्याकडे ना. "ही डॉली कापून भंगारात घाला," मी म्हटलं. "नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. मी तिच्यावर लाल फुली मारली, चाकांखाली लाकडी ठोकळे लावले आणि तिला कुंपणाजवळच्या कोपऱ्यात नेऊन उभी केली. पण डॉल्या कमी पडल्या की अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी सुट्टीवर असले की बाकीचे हळूच तिला ओढून आणायचे. मी परत आले की फुलीवर ग्रीसच्या हातांचे ठसे.

आता ती दुपार.

जेवणाची सुट्टी होती. गाड्या सगळ्या बाहेर. यार्डात एकही इंजिन चालू नव्हतं. मी वर्कशॉपच्या दारात बसून डबा उघडत होते.

ठक्...

मी मान वर केली.

...ठक्.

कोपऱ्यातून.

बुटकी एकटीच उभी होती. ना ट्रेलर, ना ट्रक, ना माणूस. तापलेलं लोखंड वाजतं हे मला माहीत आहे, पंधरा वर्षं लोखंडातच काम करतेय. ते टिक् वाजतं. हे तसं नव्हतं.

मी जवळ गेले. दांड्याखाली वाकून बघितलं.

कोणी नव्हतं. तेलाने काळी झालेली माती, आणि मातीत रंगाचे दोन ताजे पापुद्रे.

मी दांड्यावर हात ठेवला. का ठेवला, देव जाणे.

ठक्...

माझ्या तळहाताला बसला तो. खालून.

पुढचा ठोका यायला फार वेळ लागला. मी हात काढायला हवा होता, पण काढता येईना. आला तेव्हा तो आधीच्यापेक्षा हलका होता... थकलेल्या माणसाचा असतो तसा.

डब्यातलं अन्न तसंच कुत्र्याला घातलं.

संध्याकाळी घरी भावाला सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. ताटात बोट फिरवत बसला.

"ताई, डॉलीखाली माणूस अडकला, तर काय करेल तो?"

"ओरडेल."

"इंजिन चालू आहे. कोणाला ऐकू जात नाहीये."

मी हातातला घास खाली ठेवला.

"हातात पाना असेल, हातोडी असेल, त्याने वर ठोकेल ना? जिवाच्या आकांताने ठोकेल." तो थांबला. "आणि पुढे केबिनमध्ये बसलेला माझ्यासारखा काय समजेल?"

त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. जेवण कोणीच पुरं केलं नाही.

आधी मला भीती होती की भावाला काही होईल. त्या संध्याकाळपासून वेगळीच भीती बसली. भावाच्या हातून कोणीतरी जाईल, आणि तो जन्मभर ते दोन ठोके ऐकत राहील.

दुसऱ्या दिवशी मी यार्डात नियम बदलला. ठोके बंद. मागच्या माणसाने स्वतः चालत केबिनशी यायचं, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून 'बसलं' म्हणायचं. आणि ठोका ऐकू आलाच, तर त्याचा अर्थ 'थांब'. सगळ्या हातोड्या मी कपाटात कुलूप लावून ठेवल्या.

काय वैतागले सगळे! "एवढं लांब चालत यायचं?" "बाईमाणसाला यार्ड दिलं की असंच होणार." मालक म्हणाले, वेळ वाया जातो. पुढाऱ्याने तर त्यावर अख्खं भाषण ठोकलं. मी म्हटलं, भाषण ठोक, लोखंड ठोकू नकोस.

मग एका सकाळी घाई होती आणि बुटकी पुन्हा बाहेर आली. मी पोहोचेपर्यंत ती भावाच्या गाडीला लागलेलीही होती. पुढारी जबडा बघायला आत शिरला होता. तेवढ्यात मागे खोळंबलेल्या गाडीचा ड्रायव्हर कंटाळून खाली उतरला, भावाच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "बसलं रे, काढ आता."

भावाला वाटलं, यानेच बघितलंय. त्याने ब्रेक सोडला. गिअर टाकला.

ठक्... ठक्.

मी वर्कशॉपच्या दारातून ऐकलं. दोन ठोके ऐकले की पाय आपोआप पुढे जातो, इतक्या वर्षांची सवय...

गाडी हलली नाही.

भाऊ खाली उतरला, पळत मागे गेला. मीही पळाले.

पुढारी डॉलीखाली उताणा पडला होता. त्याच्या जॅकेटची बाही साखळीच्या आकड्यात अडकली होती आणि डॉलीचं चाक त्याच्या खांद्यामागेच होतं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. आम्हाला कोणाला ऐकू आला नव्हता.

आम्ही बाही कापून त्याला ओढून काढलं.

"बरं झालं ठोकलंस," भाऊ म्हणाला. रडायलाच आला होता तो.

पुढाऱ्याने दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे होते. एक तर इतका वेळ आकड्यातच अडकलेला होता.

"मी नाही ठोकलं."

"मग?"

त्याने बुटकीकडे बघितलं.

"माझ्या शेजारून आवाज आला," तो म्हणाला. "अगदी... कानाशी."

बस, एवढंच. त्यानंतर तो या विषयावर एक शब्द बोललेला नाही. पुढारी!

या वेळी मालक घाबरले. "टाकू काढून," म्हणाले. मला वाटलं, सुटले एकदाची. खळग्यांची जागा कापली जाईल, वितळेल, जो कोणी आहे तो मोकळा होईल. मी चार दिवस रजेवर गेले. परत आले तर कोपरा रिकामा.

"भंगारवाला आला होता का?"

"भंगार कशाला? चांगली चालती डॉली आहे. रंग मारून दिली दुसऱ्या यार्डाला."

मी कपाळावर हात मारला.

"आता काय? तुला नको होती ना? मग झालं तर!"

काय बोलायचं अशा माणसाशी? मी याआधी कधी कोणाशी इतक्या चढ्या आवाजात बोलले नसेन. पण ओरडून डॉली परत येत नाही. मी त्या यार्डाचा नंबर काढला आणि सरळ फोन लावला.

एका माणसाने उचलला. आवाजावरून भला वाटला. मागे यार्डातला गोंगाट ऐकू येत होता.

"तुमच्याकडे आमची एक डॉली आलीय. बाकीच्यांपेक्षा बुटकी."

"हो हो, आलीय ना. कालच. आजच लावतोय."

"ती लावू नका. निदान एक ऐका. तुमच्याकडे जोडणी झाल्यावर मागचा माणूस काय इशारा करतो?"

तो हसला. "अहो ताई, तुम्ही या धंद्यातल्या ना? सगळीकडे असतं तेच. दोन ठोके, म्हणजे चल."

"नाही! त्या डॉलीवर ठोके ऐकू आले तर गाडी हलवायची नाही. आधी खाली बघायचं. ऐकताय ना तुम्ही? आत्ता खाली कोण आहे?"

"काय? मोठ्याने बोला, इथे गाडी चालू आहे. आमचा माणूस आत गेलाय जबडा बघायला, एक मिनिट थांबा..."

"थांबवा त्यांना!"

फोनमध्ये इंजिनाची घरघर होती. आणि त्या घरघरीच्या खालून...

ठक्...

...ठक्.

मी तो आवाज तळहातावर ओळखला असता.

इंजिनाचा सूर बदलला. गाडीने वजन घेतलं की बदलतो तसा.

"हं, बसलं," तो माणूस समाधानाने म्हणाला. "निघाली गाडी. आता बोला ताई, काय म्हणत होता तुम्ही?"