प्रौढक

पंचवीस वर्षं गाठी चिरूनही डॉ. वसुधा केंजळे यांना या एका जातीच्या गाठीची किळस यायची ती यायचीच. मिरजेच्या पेशीसंशोधन केंद्रात, प्रयोगशाळेच्या स्टीलच्या टेबलावर, आज पुन्हा तीच पडली होती. सुरी फिरताच आतून थिजलेल्या तुपासारखा पिवळट मेद बाहेर आला, त्यामागून केसांचा गुंता, आणि गुंत्यात एक दाढ. जबडा नाही, हिरडी नाही, नुसती ठणठणीत दाढ. वसुधाबाईंनी मान वळवून श्वास घेतला. कॅन्सरची त्यांना कधी घाण वाटली नाही. रोग तो रोग. पण बाईच्या बीजांडकोशात, कुणी न सांगता, केस आणि दात उगवणारी गाठ म्हणजे निसर्गाचा शुद्ध चावटपणा, असं त्या विद्यार्थ्यांना तोंडावर सांगत.

आज मात्र त्या दाढेवर खूश व्हायचं होतं, कारण उपचाराआधी हीच गाठ कर्करोगाची होती.

गाठ तृप्ती गोंधळीची. जयसिंगपुरात स्वतःचं औषधांचं दुकान चालवणारी सव्वीस वर्षांची मुलगी. तिचा एक बीजांडकोश लग्नाआधीच अशा गाठीपायी काढावा लागला होता. आता उरलेल्यात गाठ आली आणि तीही वाईट, कच्च्या पेशींची, दिवसागणिक फुगणारी. शिरस्त्याप्रमाणे हाही बीजांडकोश काढायचा, म्हणजे स्वतःच्या मुलाचा विषय कायमचा मिटला. तृप्ती त्याला तयार नव्हती. "मला कायबी सोसंल, मॅडम," ती म्हणाली होती, "पण एवढं एक राहू दे माझं."

तेव्हा केंद्राचे संचालक डॉ. निनाद खांबेटे यांनी प्रौढक हे नवं औषध पुढे केलं. त्यांनीच घडवलेला, पेशी न मारणारा रेणू, नावही त्यांनीच दिलेलं. वसुधाबाईंनी आडवळण न घेता विचारलं, की पेशी मारायच्या नाहीत, मग करायचं काय?

"मोठ्या करायच्या," खांबेटे म्हणाले. "कातडीची पेशी कातडी झाली की थांबते. कच्ची पेशी अजून काहीच झालेली नसते, म्हणून नुसती वाढत सुटते. तिच्या अंगावर एक ग्राही असतो, बाहेरचा निरोप आत पोचवणारा. त्या ग्राहीत प्रौढक जाऊन बसलं की पेशीला हुकूम मिळतो, आता काहीतरी हो आणि गप्प बस."

"काहीतरी म्हणजे काय?"

"ते तिचं ती ठरवेल. केस, कातडी, दात, काही का होईना. वाढ थांबली की कॅन्सर संपला. मग गाठ तेवढी सोलून काढायची, बीजांडकोश जागच्या जागी."

हा ग्राही शरीरात आणखी कुठे असला तर त्या पेशीही हुकूम ऐकणार, हे उघड होतं. ते तपासायचं काम वसुधाबाईंचं. त्यांनी यकृत पाहिलं, मूत्रपिंड पाहिलं, आतडं, मज्जा, आणि निरोगी बीजांडकोशही पाहिला. ग्राही कुठेच दिसला नाही. त्यांनी सही केली आणि तृप्तीला औषध सुरू झालं.

औषधानं काम चोख केलं. गाठीत कच्ची पेशी औषधालाही उरली नव्हती. शल्यविशारदांनी गाठ सोलून काढली होती आणि खात्रीसाठी शेजारच्या निरोगी बीजांडकोशाची एक चकतीही पाठवली होती. वसुधाबाईंनी ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

तरुण बीजांडकोशाच्या कडेला बारीक पुटिका असतात आणि प्रत्येकीत एक स्त्रीबीज झोपलेलं असतं. पहिल्या पुटिकेत बीज नव्हतं. कातडीचा एक ठिपका होता आणि त्यात केसाचं मूळ. गाठीचा तुकडा चुकून आला असेल, असं त्यांना वाटलं. पण पुटिकेची भिंत चांगली शाबूत होती. शेजारच्या पुटिकेत मेद होता, तिच्यापलीकडे दाताचा चुरा. वसुधाबाई काचपट्टी सरकवत राहिल्या. कडेनं ओळीत केस, कातडी, मेद, दात. बीज एकही नाही. त्यांनी खुर्ची मागे ढकलली.

मग डोकं चालू लागलं. ही गाठ मुळात निघते कशातून? स्त्रीबीजातून. मग गाठीचा ग्राही बीजावर नसेल तर कुणावर असेल? आणि बीजाइतकी कच्ची पेशी बाईच्या शरीरात दुसरी कोणती? हुकूम सगळ्यांनी ऐकला होता.

पण निरोगी बीजांडकोश तर आपण तपासला होता. त्यांनी जुन्या काचपट्ट्या काढल्या, आणि तो कुणाचा होता ते बघून कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेत 'नॉर्मल' म्हणून ठेवलेले बीजांडकोश येतात ते गर्भाशय काढलेल्या बायकांचे. पन्नाशी उलटलेल्या, पाळी कधीच गेलेल्या. निरोगी होते यात शंका नाही. फक्त त्यांत बीज उरलेलं नव्हतं. इतकी वर्षं सगळेच त्यांना नॉर्मल म्हणत आले, आणि वय विचारायचं कुणालाच सुचलं नाही. वसुधाबाईंनाही नाही.

बोलावणं गेल्यावर खांबेटे आले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"कच्ची पेशी एकही नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग पोरगी बरी झाली. अहवालात तेवढंच लिहा. परिपक्व ऊती, कर्करोग नाही. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. वर ते असंही म्हणाले, की ज्यांना मूल नकोच आहे अशा बायकांना हे औषध मूल न होण्याचा कायमचा इलाज म्हणून देता येईल, त्या बाजूनंही विचार करायला हरकत नाही. सकाळची ती दाढ वसुधाबाईंना या माणसापेक्षा बरी वाटली. त्या वॉर्डकडे निघाल्या.

तृप्ती उशीला टेकून बसली होती, हात पोटावर. वसुधाबाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. औषधं विकणारी मुलगी, तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मेली सगळी?" तिनं विचारलं.

"मेली नाहीत. मोठी झाली."

तृप्तीनं पोटावरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत जे केस आहेत, ते माझेच का?"

इथे हो म्हणणं सोपं होतं. "प्रत्येक बीज वेगळं असतं गं," वसुधाबाई म्हणाल्या. "तुझ्यातलंच अर्धं घेतं, पण मांडणी नवी करतं. ते केस तुझे नाहीत."

"पोरांचे माझ्या," तृप्ती म्हणाली.

वसुधाबाईंनी घाईघाईनं सांगितलं, की धोका काही नाही, त्या ऊती आता वाढणार नाहीत, आयुष्यभर तशाच पडून राहतील. कापायची गरज नाही. तुला बीजांडकोश राहायला हवा होता, तो राहील.

तृप्तीनं पोटावरचा हात हळूच उचलला आणि चादरीला पुसला. एकदा पुसून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा पुसला.

"काढा ते," ती म्हणाली.