पकड येईपर्यंत

कचऱ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला सुटाबुटातला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? जॅस्मिननं पाहिला. नव्व्याण्णव सालच्या मार्चमध्ये, मस्कतच्या समुद्राकाठच्या एका बड्या हॉटेलात, खोल्यांमागच्या बोळात.

जॅस्मिन डाबरे तिथली हाउसकीपिंग सुपरवायझर, मूळची वसईची. सकाळपासून खोल्या तपासून तिच्या पायांचे नुसते खांब झाले होते. आणि अशात हा चोर!

"ओ मिस्टर! काय चाललंय?"

तो दचकला. त्याच्या हातात शॅम्पूची बाटली होती.

"मॅडम, शॅम्पू नकोय मला. बाटली हवीय... रिकामीच."

"कशाला?"

"वाजवायला."

उन्हानं याचं डोकं फिरलं असावं, असं जॅस्मिनला वाटलं. पण त्यानं खिशातून कात्री काढली, बाटलीची एक लांब पट्टी कापली आणि तिचं टोक गोल केलं. हा केल्विन. वांद्र्याचा. तिकडे लग्नांत मेंडोलिन वाजवायचा. इथं आल्यावर एका ओमानी म्हाताऱ्यापाशी बसून तो ऊद शिकला. ऊद म्हणजे फुगीर पोटाचं, मान मागे मुडपलेलं तंतुवाद्य. म्हाताऱ्यानं जग सोडताना स्वतःचाच ऊद त्याला दिला होता, आणि तो आता रोज संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत वाजायचा. तारा छेडायच्या असल्या लांब नखीनं.

"पूर्वी गरुडाच्या पिसाची नखी करायचे," केल्विन म्हणाला.

"आणि आता माझ्या कचऱ्याची?"

"गरुड कुठे शोधू, मॅडम? तुम्ही सापडलात."

मेला! असं बोलतात का अनोळखी बाईशी? जॅस्मिनला हसू येत होतं, पण हसायलाही अंगात त्राण लागतं.

पुढे मग रोजचंच झालं. ड्यूटी संपली की स्टाफची गाडी सुटेपर्यंत ती लॉबीमागच्या जिन्यावर टेकायची. तिथंच तो तारा सुरात लावत बसलेला असायचा. कान खुंटीशी, नजर मात्र जिन्याच्या पायरीकडे.

"तुम्ही माझं एकही गाणं पुरतं ऐकलेलं नाहीत," एकदा तो म्हणाला. "मी सुरू केलं की तुम्ही घोरता."

"मी? मी नाही घोरत!"

"घोरता. पण सुरात."

तिनं हातातला टॉवेल त्याच्या दिशेनं फेकला. कितीतरी दिवसांनी गाल गरम झाले होते तिचे, आणि ते काही उन्हानं नव्हे.

पण घरून आईचा एकच धोशा चालला होता. वसईजवळच्या पापडीचा रसेल, विधुर, पण गुणाचा. स्वतःचं घर, ओटीवर झोपाळा. जूनअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय, त्याआधी होकार कळव आणि कायमची निघून ये. जॅस्मिननं मनातून होकार जवळजवळ दिलाच होता. रसेलवर जीव जडला होता म्हणून नाही हो, झोपाळ्यावर! परक्यांच्या चादरी ताणून ताणून तिची तरुणपणाची वर्षं गेली होती. आता कुठेतरी नुसतं बसावं, एवढंच तिला वाटायचं.

तिनं केल्विनला सांगून टाकलं.

"माणूस चांगला आहे?" त्यानं विचारलं.

"झोपाळा चांगला आहे."

तो हसला नाही. एकच तार चढवत राहिला, उतरवत राहिला... काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो बोलला नाही, आणि जॅस्मिनला त्याचा भयंकर राग आला. का, ते स्वतःला विचारायची तिची हिंमत झाली नाही.

जून उजाडला. केल्विन तापानं फणफणला. क्वार्टर्सवरून त्यानं हॉटेलात फोन केला, "मॅडम, लॉबीतल्या एसीनं लाकूड सुकून तडकतं. माझा ऊद तेवढा घेऊन येता?"

तिनं ऊद जपून पेटीत घातला, स्टाफच्या गाडीत सीटवर ठेवला. आता बसणार, तोच वरून हाक आली. पाहुण्यांचा अख्खा ग्रूप वेळेआधी येऊन थडकला होता, खोल्या तयार नव्हत्या. "यल्ला, यल्ला!" जॅस्मिन तशीच वर धावली. गाडी राहिली उन्हात. मस्कतचं जूनचं ऊन ते! बंद गाडीचा तवा होतो नुसता.

दुपार कलल्यावर तिला एकदम आठवलं. धावत येऊन तिनं पेटी उघडली. तारा जिला बांधतात ती लाकडी पट्टी, घोडी, पोटावरून उखडून तारांसकट लोंबत होती. एसीपासून वाचवलं आणि भट्टीत नेऊन ठेवलं!

अल् घुब्रा भागातल्या स्टाफ क्वार्टर्समध्ये, मेसच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, तिनं ऊद केल्विनपुढे ठेवला.

"ओरडा माझ्यावर."

त्यानं उखडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "लाकूड शाबूत आहे..."

"ओरड ना रे!" आणि तिचा बांध फुटला. "दमले मी, केल्विन. इतकी दमलेय की गाडी उन्हात आहे, हेसुद्धा मला आठवलं नाही. तुझ्या म्हाताऱ्याची ठेव मी..."

आजवर आईला फोनवर तिनं 'मजेत आहे' याशिवाय काही सांगितलं नव्हतं. आज या तापलेल्या माणसापुढे सगळं बाहेर पडलं.

"बस," तो म्हणाला. तुम्ही नाही, मॅडम नाही.

त्यानं तारा सोडवल्या, डब्यातून लाकूड चिकटवायच्या सरसाचे दाणे काढून भिजवले, आणि कढत पाण्यात भांडं ठेवून ते विरघळवले.

"शी! वास काय मेला!"

"जनावराच्या कातड्याचा आहे. गरमीनं सुटतो, गरमीनंच पुन्हा धरतो." त्यानं घोडी जागेवर बसवली, तिचे दोन्ही तळवे त्यावर ठेवले. "पकड येईपर्यंत दाबून धर. उठायचं नाही. हलायचं नाही."

जॅस्मिन बसली. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी तिला हाका मारत होतं, पण तिला जाताच येत नव्हतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तो समोर शाल पांघरून बसला होता, एकटक बघत. त्याच्यापुढचा चहा गार झाला. उन्हं उतरली.

"अजून नाही धरलं?"

"धरलं... मघाशीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बसली होतीस ना," तो खाली बघत म्हणाला. "पहिल्यांदाच. मला ते मोडवेना." मग जरा थांबून, "माझ्याकडे झोपाळा नाही, जॅस्मिन. घरही नाही. म्हणून गप्प राहिलो. पण तू जाऊ नयेस... असं फार वाटतं."

घोडी पक्की बसली होती, तरी तिनं हात काढले नाहीत. त्याचे तापलेले हात हळूच तिच्या हातांवर आले.

शुक्रवारी तिनं बूथवरून घरी फोन लावला.

"आई, रसेलना नाही म्हणून सांग."

"अगं, मग काय तिथंच राबत मरणार?"

"राबेन. दमेनसुद्धा. पण दमले म्हटल्यावर शेजारी बसणारा माणूस मिळालाय गं मला."

जॅस्मिननं रिसीव्हर घट्ट धरला.

"तू दमतेस?" आई म्हणाली. "कधी बोलली नाहीस... बरं. त्याला घेऊन ये."