दिवेलागणीची हजेरी

कुलूप नीट लागलंय की नाही हे बघायला प्राध्यापक पुन्हा जिना चढून वर गेले, तेव्हा खाली गाडीत बसलेली सून हसू आवरत होती. तिला यात नवीन काही नव्हतं. सासऱ्यांनी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या हातांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. गॅस बंद केल्याचं त्यांना आठवायचं. पण आठवतंय ते आजचं की कालचं, हे काही सांगता यायचं नाही.

"कुलूप पळून नव्हतं ना गेलं, बाबा?" ते परत आल्यावर तिनं विचारलं.

"नाही, जागेवर आहे," ते गंभीरपणे म्हणाले, आणि चालकानं गाडी काढली.

जायचं होतं डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या देवळाला. देवळाच्या मागे सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी बांधलेलं विश्रामगृह होतं. मुलगा परस्पर तिथेच येऊन मिळणार होता. बर्फातल्या चौकीवरचा त्याचा मुक्काम लांबत लांबत इतका लांबला होता, की तो गेला तेव्हा पाळण्यात असलेली त्याची लेक ठमी आता घरभर धावत होती. पोरगा धडधाकट खाली उतरू दे, त्याला घेऊन पायऱ्या चढेन, असं त्याची आई देवाला बोलून बसली होती. आई आता राहिली नव्हती. आपला देवावर विश्वास आहे का, हे प्राध्यापकांना नक्की सांगता आलं नसतं. बायकोच्या शब्दावर मात्र होता.

विश्रामगृह एक निवृत्त सुभेदार सांभाळत. मिशा पिकलेल्या, पण पाठ अजून कवायतीच्या मैदानावरची. त्यांनी तिघांना न्याहाळलं आणि जवान कुठे आहे ते विचारलं. खोली मिळायची ती जवानाला. तो आलेला नसेल तर घरच्यांनी मोठ्या दालनात सतरंज्या टाकून पडायचं. दालनाची अर्धी तावदानं फुटलेली होती आणि आत वारा नुसता घोंघावत होता. ठमी वाटभर खोकत आली होती. आताही आईच्या खांद्यावर मान टाकून ती खोकत होती.

"आलाय तो," प्राध्यापकांच्या तोंडून निघून गेलं. "आमच्या आधीच पोचला. देवळात गेलाय."

सून चमकली. कधी खोटं न बोललेल्या माणसाचं खोटं किती सहज खपून जातं, याचं प्राध्यापकांनाच नवल वाटलं. सुभेदारांनी कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली काढून हातावर ठेवली.

दिवेलागणीला हजेरी असते, ते म्हणाले. मागचं फाटक जंगलात उघडतं. ते बंद करायच्या आधी आत कोण आणि बाहेर कोण, हे त्यांना कळलं पाहिजे. ज्याची हजेरी त्यानंच द्यायची. दुसऱ्यासाठी कुणी हजर म्हणायचं नाही.

"का बरं?" प्राध्यापकांनी सवयीनं विचारलं.

"फौजेतली रीत आहे, सर. एकदा हजर धरला की धरला. मग बाहेर त्याला शोधायला कुणी जात नाही."

खोली चांगली होती. लोखंडी खाटा, करड्या घोंगड्या, एक मेज, गज लावलेली खिडकी. दाराच्या मागे कपडे टांगायला खुंट्या होत्या. सुनेनं ठमीला निजवलं आणि मग मोकळेपणानं हसून घेतलं. "तर्कशास्त्राचे प्राध्यापक आणि थाप! संध्याकाळी काय करणार आहात?"

"तोवर तो येईल."

"आणि नाहीच आले, तर हजेरीला 'गैरहजर' म्हणा. यांच्यासारखं."

ती घरातली जुनी गंमत होती. मुलगा लहान असताना प्राध्यापक कॉलेजातून घरी येत आणि दारातूनच हजेरी घेत, "आमचे चिरंजीव?" चिरंजीव दारामागे लपलेले असत. तिथून बारीक आवाजात उत्तर यायचं, "गैरहजर!" मग प्राध्यापक मोठ्यानं विचार करीत, की जो गैरहजर म्हणतो तो हजर असलाच पाहिजे, आणि दारामागून खिदळणं ऐकू यायचं. मुलगा मिसरूड फुटल्यावरही हे उत्तर देत असे. लग्नानंतरही देई. चौकीवरून फोन लागला की प्राध्यापक आधी तोच प्रश्न विचारत, आणि बर्फातून खरखरत तेच उत्तर आलं की मग पुढचं बोलणं सुरू होई.

दुपार कलली. मुलाचा फोन लागत नव्हता. प्राध्यापक फाटकापर्यंत गेले, परत आले, खाटेवर बसले, उठले, पुन्हा गेले. बाहेर चहाच्या टपरीवर ट्रकवाले बोलत होते. वर घाटात दरड कोसळली होती, गाड्या अडकून पडल्या होत्या. एक गाडी ढिगाऱ्याखाली गेली असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं. सुभेदार तिथेच उभे राहून ऐकत होते. वर शोध घेणारे विचारताहेत, आपला कुणी जवान यायचा राहिलाय का, असं ते म्हणाले आणि प्राध्यापकांकडे वळून पुढे म्हणाले, "तुमचा तर पोचलाय. नशीब."

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. प्राध्यापकांनी तोंड उघडलंही. पण खोलीत ठमी नुकती गाढ झोपली होती, आणि दरडीची बातमी खरी की खोटी हेच अजून ठरलेलं नव्हतं, आणि मुलगा कदाचित दुसऱ्याच रस्त्यानं येत असेल… ज्याला प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसतात त्याच्या हातून काहीच होत नाही. ते चहा तसाच टाकून परत आले.

दिवेलागणीला वीज गेली.

सून ठमीला घेऊन दूध तापवायला स्वयंपाकघरात गेली होती. व्हरांड्यात एकेक दार उघडलं, माणसं उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. काळोखात चेहरे दिसत नव्हते, नुसत्या आकृत्या. देवळातली घंटा थांबली तशी शांतता अंगावर आली. दूरच्या टोकाकडून सुभेदारांचा कंदील हलत हलत येऊ लागला. हाक, मग उत्तर. हाक, मग उत्तर. एकेक आवाज जवळ येत होता.

प्राध्यापक दारात उभे होते. तो न्हाणीघरात आहे असं सांगायचं, हे त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. पाठीमागे खोली रिकामी होती. ती त्यांनी पुन्हा पुन्हा बघून ठेवली होती. त्या रिकाम्या खोलीतून त्यांच्या मानेवर गार हवा येत होती. आणि एक वास… खणलेल्या ओल्या मातीचा.

कंदील समोर येऊन थांबला.

"कोपऱ्याची खोली. सर?"

"हजर."

"जवान?"

प्राध्यापकांनी शब्द जुळवले. तेवढ्यात त्यांच्या मागून, अगदी हाताच्या अंतरावरून, आवाज आला.

"हजर, साहेब."

मुलाचा आवाज. तोच, जरासा बसका. सुभेदारांनी मान डोलावली आणि कंदील वळला. मागच्या फाटकाची कडी पडल्याचा आवाज आला तरी प्राध्यापक हलले नव्हते. शेवटी ते वळले आणि चाचपडत आत गेले. खाटा रिकाम्या. खिडकीचे गज शाबूत. खुंट्यांवर त्यांचाच कोट. त्यांनी हळूच हाक मारली, "आमचे चिरंजीव…?"

कुणी उत्तर दिलं नाही.

आपणच बोललो असू, त्यांनी स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या माणसाच्या घशातून कधी कधी मुलाचा आवाज निघतो, रक्त एकच. सून दूध घेऊन धावतच आली. "आले हे? स्वयंपाकघरापर्यंत आवाज आला मला." तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. आवाज मीच काढला, असं प्राध्यापकांनी सांगितलं. ती मटकन खाटेवर बसली. "बाबा," ती म्हणाली, "यांचा आवाज मी ओळखत नाही का?"

रात्री कुणाचाच डोळा लागला नाही.

पहाटे फटफटताना सुभेदारांनी दारावर थाप दिली. त्यांच्यामागे मुलगा उभा होता. अंगावर गणवेश, बूट चिखलानं भरलेले, गाल आत गेलेले. सून त्याच्या छातीवर कोसळली. प्राध्यापकांनी त्याचे दंड धरले, चाचपले. हाडामांसाचे होते, गार होते. दरडीपाशी गाडी अडकली, मग ढिगारा ओलांडून जंगलातून पायी आलो, असं तो म्हणाला. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. येणारच, प्राध्यापकांनी स्वतःशी म्हटलं.

ठमी परक्या माणसाला पाहिलं की आईच्या पदरात शिरायची. आज मात्र ती सरळ उठून त्याच्याकडे गेली, मांडीवर बसली आणि गप्प झाली. त्यानंतर ती एकदाही खोकली नाही.

सुभेदारांनी प्राध्यापकांना व्हरांड्याच्या कडेला नेलं. हा माणूस मागच्या फाटकाबाहेर उभा होता, ते हळू आवाजात म्हणाले. मग काल हजर कोण म्हणालं?

प्राध्यापकांची मान खाली गेली. "माझं चुकलं. मी खोटं बोललो होतो."

"खोटं तुम्ही दुपारी बोललात, सर. मी संध्याकाळचं विचारतोय."

प्राध्यापकांनी खोलीत मुलाकडे पाहिलं. मुलगा आला होता, डोळ्यांसमोर होता. त्यापुढे सुभेदारांची शंका किती धरायची? सगळे देवळाच्या पायऱ्या चढले. मुलगा पुढे चालत होता. आईची आठवण निघाली तेव्हा तो नुसता "हो" म्हणाला. गाभाऱ्यापाशी गर्दी होती, तो बाहेरच थांबला. थकलाय, सून म्हणाली. तीही थकली होती, पण तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की प्राध्यापकांना आपल्या शंकांची लाज वाटली. आयुष्यभर कुलपांवर संशय घेतला, आता पोटच्या पोरावर?

निघताना फाटकापाशी प्रत्येकानं 'निघालो' म्हणायचं, अशी तिथली रीत होती. सगळ्यांनी म्हटलं. मुलानंही म्हटलं. तरी सुभेदार बाजूला झाले नाहीत. ते कोपऱ्यातल्या खोलीकडे बघत होते. "हे काल बाहेर होते," ते म्हणाले. "जो आत होता, तो अजून निघालेला नाही."

प्राध्यापकांचं पाऊल वळलं. एकदा जाऊन बघून यावं. दाराच्या मागे त्यांनी पाहिलं होतं का? खुंट्या पाहिल्या होत्या, पण दार भिंतीपर्यंत ढकलून…

"बाबा, चला," मुलगा गाडीतून म्हणाला. "तिथे काही राहिलेलं नाही."

सून हसली. चालकानं भोंगा वाजवला. आणि प्राध्यापक जन्मात पहिल्यांदा मागे वळून न बघता गाडीत बसले.

घर अजून लांब होतं तेव्हा अंधारून आलं. मुलगा पुढे चालकाशेजारी बसला होता, मांडीवर ठमी. मागे सून पेंगत होती. प्राध्यापकांचा फोन वाजला. सुभेदार होते.

"सर, खोली आज मी कुणाला दिली नाही. रिकामीच आहे. पण हजेरी घेताना दारापाशी पाय थांबले… हाक मारली." पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. "उत्तर आलं."

"हजर म्हणाला?" प्राध्यापकांनी ओठ फोनला लावून विचारलं.

"नाही. तेच तर… 'गैरहजर' म्हणाला. दारामागून, लहान पोरासारखा बारीक आवाज काढून. हजेरीला असं कुणी म्हणतं का हो? मग जरा थांबून म्हणाला, बाबांना सांगा, मी इथेच आहे… मला थंडी वाजतेय."

फोन तुटला की त्यांनीच बंद केला, ते प्राध्यापकांना कळलं नाही.

"गाडी वळवा," ते म्हणाले. "मागे वळवा. काहीतरी राहिलंय."

"कुलूप असेल, बाबा," सून डोळे न उघडताच म्हणाली. चालकानंही हसून मान हलवली. कालपासून त्याला या म्हाताऱ्याची सवय कळली होती. गाडी तशीच धावत राहिली. काचा बंद होत्या, आणि आत ओल्या मातीचा वास दाटत चालला होता.

प्राध्यापक पुढे वाकले. समोर मुलाची मान होती, त्याचे केस, कानामागचा तो लहानपणचा तीळ. त्याच्या खांद्यावरून ठमी त्यांच्याकडे बघत होती, पापणी न हलवता. त्यांना उत्तर हवं होतं आणि नकोही होतं.

"आमचे चिरंजीव…?"

मुलानं मान वळवली नाही. ठमीच्या डोक्यावरून त्याचा हात फिरत होता, तो मात्र थांबला.

"हजर, साहेब," तो म्हणाला.