एकचा उंबरा

गणपती विसर्जन करून चाकरमानी मुंबईला परतले की गावाची काय अवकळा होते, ते मागे राहिलेल्या माणसालाच कळतं. घराघरांना कुलपं लागतात. ओटीवरच्या खुर्च्या आत जातात. कुत्र्यांना लाडू-पोळीची सवय झालेली असते, ती दोन दिवस एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतात आणि मग आपली आपण परत येतात.

अशाच दिवसांत बाबू घरी निघाला होता. जायचं कारण अगदी साधं. तो मिरकरवाड्याला बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा, तिथंच चार पोरांबरोबर खोलीत राहायचा. आई आषाढापासून राजापूरला मामाकडे होती. घर बंद. आईचा फोन आला, "जा रे एकदा. दारं-खिडक्या उघड, देवाकडे दिवा लाव. बंद घराला कुबट वास लागतो नि मग तो जात नाय."

"जातंय," बाबू म्हणाला.

"आणि उंबरा पूस हो. वाळवी बघ लागली काय ती."

गुरुप्रसाद गेल्यापासून दोघं एकमेकांशी एवढंच बोलायची. घर, वाळवी, औषधाच्या गोळ्या. त्याचं नाव कोणीच काढत नव्हतं.

गुरुप्रसाद म्हणजे बाबूचा थोरला भाऊ, दादा. मुंबईला एका कुरिअरच्या ऑफिसात होता. दरवर्षी गणपतीला यायचा, आणि येताना खेळ घेऊन यायचा. तसा खेळ वाडीत कोणी पाहिला नव्हता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं. मी दार उघडतो, मी झाडावर चढतो, असं म्हणायचं. वाटेत धोका आला की सांगणारा एक आकडा लावणार. मग वीस बाजूंचा लाल फासा टाकायचा. आकड्याएवढं किंवा जास्त पडलं तर पार, कमी पडलं तर मेलास.

पुस्तकात त्या आकड्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. दादा त्याला उंबरा म्हणायचा. "सांग, उंबरा किती?" असं विचारायचा.

बाबू आठवीत नापास झाला तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. पण हे त्याला पहिल्या रात्रीत कळलं, कारण दादा शिकवायचाच तसं. "ओढ्यावरचा साकव सुका असला तर पाच लाव. ओला असला तर दहा. ओला असून मागं बिबट्या लागला असला तर पंधरा. साकव तोच रे, पण वेळ कसली आलीय ते बघायचं. फार सोपा लावलास तर कोण घाबरणार नाय. फार कठीण लावलास तर लोक फासा ठेवून जेवायला जातील."

आणि सगळ्यांत वर दोन गोष्टी. एक, माणूस बघून उंबरा लावायचा नाही, धोका बघून लावायचा. दुसरी, एकदा तोंडातून गेला की तो बदलायचा नाही.

मागल्या गणपतीत दादानं बाबूला सांगणारा केलं. गोष्टीत रात्र होती, धुकं होतं आणि सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरची, जुनी चिरेखाण होती. खाणीच्या काठानं वरल्या वाडीतली ऋतिका घराकडे चालली होती. ती बाबूला आवडायची, हे गणपतीलाही ठाऊक होतं.

"उंबरा किती?" दादानं विचारलं.

बाबू म्हणाला, "एक."

शेजारचा केतन तर पडवीत लोळायचाच बाकी राहिला. "एक! अरे, तुझ्या सासऱ्याची खाण काय ती?"

ऋतिका लाजून फासा कुरवाळत बसली. दादा हसला. "मेल्या, विसाच्या फाशावर एकपेक्षा कमी पडतं काय? एक लावलास म्हणजे तू दारच काढून ठेवलंस. आता ऋतिका येईल घरात, पण तिच्या मागून खाणीतनं जे येईल, ते पण येणार. त्याला पण एकच हो. उंबरा सगळ्यांना सारखा."

"काय येईल मागून?" ऋतिकानं विचारलं.

"ते विचारायचं नाय," दादा म्हणाला, आणि हसायला लागला. माजघराच्या दारातून आई ओरडली, "गुरू, हसतंस काय, आधी उंबऱ्यावरनं पाय काढ!" कारण दादाला लहानपणापासून खोड, गोष्ट रंगली की उठून उंबऱ्यावर उभा राहायचा. दोन्ही हात चौकटीला लावून. आई शंभरदा सांगायची, उंबऱ्यावर उभं राहू नये, येतंस तर आत ये, जातंस तर बाहेर जा. तो म्हणायचा, "अगो आये, कोणीतरी मधी उभं राहायला नको?"

यंदा आषाढात तो भाताच्या लावणीला म्हणून आला. परत जाताना गाडी चुकेल म्हणून रस्ता सोडून सड्यावरून निघाला. वर धुकं उतरलेलं. खाण कधीची बंद, पाण्यानं तोंडापर्यंत भरलेली, काठावर कमरेएवढं गवत. छत्री तरंगत होती, म्हणून लोकांना कळलं.

तर बाबू दुपारच्या एसटीनं उतरला. वाडीत शिरताना शेजारची तुळसाकाकी तेवढी दिसली. ओटीवर बसून पडवळ चिरत होती.

"बाबू काय रे? वाळलंस. बर्फ खातंस काय नुसता?"

"घर उघडायला आलंय, काकी."

"उघड, उघड. लाइट सकाळपासनं नाय हां. आणि तुझ्या आवशीला सांग, माझी परडी गेल्या होळीपासनं तुमच्याकडं हाय." मग सुरी थांबवून ती हळूच म्हणाली, "जेवायला ये रे इकडं. एकट्यानं चूल पेटवू नको."

त्यानं कुलूप काढलं. आतला वास अंगावर आला, कुबट, गोणपाटासारखा. त्यानं खिडक्या उघडल्या, केर काढला, उंबरा ओल्या फडक्यानं पुसला. फणसाच्या लाकडाचा जुना उंबरा, वाळवी नव्हती. आभाळ भरून आलं होतं. चारच्या सुमाराला इतका काळोख झाला की त्यानं देवाकडे दिवा लावला, आणि कंदील दाराच्या आतल्या पडवीत आणून ठेवला.

परडी शोधताना फडताळात बिस्किटांचा डबा सापडला. त्यात फासा.

बाबू बराच वेळ तो हातात धरून बसला. बाहेर पाऊस पडत नव्हता आणि थांबलाही नव्हता, पागोळ्या तेवढ्या एकेक करून गळत होत्या. वाडीत माणसाचा आवाज नाही. मिरकरवाड्याला कसं, झोपेतसुद्धा होड्यांची इंजिनं ऐकू येतात. इथं त्याला स्वतःचा घोट गिळलेला ऐकू येत होता. कोणाशी तरी बोलावं म्हणून तो बोलला. आणि बोलता बोलता खेळच सुरू झाला.

"धुकं हाय," तो कंदिलाकडे बघून म्हणाला. "दादा खाणीच्या काठावर उभा हाय. खाली पाणी. समोर आपलं घर. त्याला घरी यायचं हाय."

मग त्यानं दादासारखाच विचार केला. गवत ओलं. काठ दिसत नाही. पाठीवर सामान. वेळ वाईट.

"उंबरा अठरा."

त्यानं फासा टाकला. सात.

आता हा नुसता खेळ होता, हे त्याला कळत होतं. पण त्या सातकडे बघून त्याच्या छातीत जे झालं, ते दादाला चितेवर ठेवतानाही झालं नव्हतं. तो उठला, फासा उचलून भिंतीवर मारला आणि मोठ्यानं ओरडला, "नाय! एक! त्याला एक! उंबरा एक!"

पागोळ्या थांबल्या.

फासा घरंगळत माजघरात गेला होता. त्याचा आवाज येत राहिला. कोबा केलेल्या जमिनीवर टकटकत, कधीच थांबू नये तसा. मग तोही थांबला.

पहिल्यांदा वास आला. भिजलेल्या चिऱ्याचा, शेवाळाचा, लोखंडाला येतो तसा. खाणीच्या पाण्याचा वास. मग घरापुढच्या खळ्यात पाऊल वाजलं. चपलेचं नाही, अनवाणी. ओलं पाऊल मातीतून सुटताना होतो, तो आवाज. एक... मग दुसरं. दाराशी येऊन थांबलं. कोणीतरी छत्री झटकली.

"बाबू..."

बाबूनं दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, पण बाहेर नुसता राखाडी काळोख.

"दादा? ये... ये ना आत."

"उंबरा किती लावलास?"

"एक."

पाणी ठिबकण्याचा आवाज आला. मग दादा बोलला, दमलेल्या आवाजात, दिवसभर लावणी करून आल्यावर बोलायचा तसा.

"माणूस बघून लावलास रे..."

"होय. लावला. ये ना. आई पण येईल. मी बोलावतंय तिला. तू ये फक्त..."

"मी आलो तर ते पण येतील."

"कोण?"

त्याच्या मागे खळ्यात पावलं यायला लागली होती. घाई नाही, बोलणं नाही. एक येऊन थांबायचं, मग दुसरं. जड होती, हलकी होती. एक इतकं लहान होतं की ते दुडदुडत आलं.

"बाबू, मागल्या दारानं जा. काकीकडं जा. वळून बघू नको."

दुसरा कोणी असता तर गेला असता. बाबू पुढं गेला. कंदील उचलून दाराकडे दोन पावलं टाकली, कारण इतक्या महिन्यांनी आवाज ऐकला होता आणि त्याला फक्त तोंड बघायचं होतं.

त्याला पाठ दिसली. उंबऱ्यावर दादा उभा होता, बाहेर तोंड करून, दोन्ही हात चौकटीला लावून. पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला, त्यातून तांबडं पाणी निथळत होतं. हातांच्या शिरा ताणल्या होत्या. चौकट करकरली.

"जा म्हटलं ना..."

कंदील पडला. बाबू कसा धावला, परसातली काट्यांची वई कशी ओलांडली, त्याला आठवत नाही. तुळसाकाकीनं पेज दिली, वाकळ दिली आणि स्वतः दाराशी आडवी झाली.

सकाळी दोघं मिळून आली. काकी खळ्याशीच थांबली.

"काल कोण माणसं आली होती रे तुझ्याकडं? खळ्याची वाट लावलीनी."

सारवलेलं खळं तांबड्या चिखलानं भरलं होतं. पावलंच पावलं. सगळ्यांची बोटं घराकडे. सगळी उंबऱ्यापाशी येऊन थांबलेली.

उंबऱ्यावर मात्र दोनच पावलं होती, बोटं बाहेरच्या बाजूला. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. दादाची करंगळी जन्मापासून तशी होती.

बाबूनं काथ्यानं घासून बघितलं. लाकडाचा भुसा निघाला, पावलं निघाली नाहीत. माजघरातून फासा शोधून काढला आणि रडत रडत म्हणाला, "वीस. उंबरा वीस." पण त्याचं त्यालाच कळत होतं. तोंडातून गेलेला उंबरा बदलत नाही.

आईला त्यानं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण दिवाळीच्या आधी ती स्वतःच मामाच्या मुलाला घेऊन आली. दाराशी येऊन खाली बघितलं आणि उंबऱ्यापाशी बसली. तिला कोणी सांगावं लागलं नाही. त्या करंगळीवरून तिनं बोट फिरवलं.

"शंभरदा सांगितलं रे तुला," ती म्हणाली, "उंबऱ्यावर उभा राहू नको म्हणून."

त्या दिवसापासून ती तिथंच राहते. बाबू म्हणाला, चल मिरकरवाड्याला, खोली बघतो. ती ऐकत नाही. रोज संध्याकाळी उंबऱ्यापाशी दिवा ठेवते, शेजारी बसते. मग बाबूच सुट्टी मिळाली की जातो. जाताना बर्फाच्या गाडीतून उतरून सड्याला वळसा घालतो, खाणीकडे बघत नाही.

परवा गेला तेव्हा आई ओटीवर वाट बघत होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा असा फुललेला त्यानं पाहिला नव्हता. हाताला धरून तिनं त्याला दाराशी नेलं.

"बघ. बघ तरी."

बाबूनं बघितलं. दोन्ही पावलं जागची हलली होती. बोटं तशीच बाहेर, लाकडात रुतल्यासारखी. पण टाचा उंबऱ्यावरून घसरून आतल्या कोब्यावर आल्या होत्या, आणि बोटांपुढे, कोणी बाहेरून रेटल्यासारखे, ओरखडे उठले होते.

"सरकला ना?" आई डोळे पुसत म्हणाली. "रोज थोडा थोडा. येतंय हो माझं पोर घरात."