सोळाच्या तारेवर बत्तीसचा खटका

"सासऱ्यांनी हीटर चालू ठेवला म्हणून आग लागली, असं घरात सगळे म्हणतात," सून म्हणाली. "आता त्यांना वृद्धाश्रमात धाडणार आहेत. चाळीस वर्षं वायरमन होते हो ते. मला पटत नाही."

घारताई लगेच निघाली. खासगी तपासात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सोबत तिचे भाऊजी, निवृत्त कंपाउंडर. चोर त्यांना नेहमी पहिल्या पाच मिनिटांतच सापडायचा.

म्हाताऱ्याच्या खोलीतला सॉकेट शाबूत होता, हीटरची पिन चकचकीत. काळा पट्टा सुरू होत होता तो त्याच्या हातभर वर, आणि थेट छतापर्यंत गेला होता.

"विसरलो मी," म्हातारा एवढंच म्हणाला.

वरची अडगळीची खोली रिकामी होती. खिडकीच्या काचेला ताटाएवढं गोल भोक, भिंतीचा रंग फुगून सुटलेला.

शेजारच्या खोलीत धाकटा दीर कॉम्प्युटरवर काम करत होता. "भिंतीपलीकडून घों-घों यायचं. मला वाटलं, पंप असेल."

"तिथं रद्दी होती, टाकली," सुनेचा नवरा म्हणाला. "विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. बत्तीसचा खटका असून पडला नाही, त्याला मी काय करणार?"

"धाकट्याकडंच पाणी मुरतंय," भाऊजी जिन्यात कुजबुजले.

घारताईने जिन्याखालचा बोर्ड उघडला. जादा वीज ओढली की आपोआप पडणारे ते सगळे खटके काजळीने माखले होते. तिने ते एकेक करून रुमालाने पुसले. बाकीचे पिवळट, सोळा अँपिअरचे. एकच पांढराशुभ्र, त्यावर ३२.

तिने सगळ्यांना खाली बोलावलं.

"आग हीटरची नाही. तसं असतं तर सॉकेट आधी वितळला असता. जळाली ती वर जाणारी तार. वर क्रिप्टोची नाणी काढणारी यंत्रं होती; घों-घों त्यांच्याच पंख्यांची. एक यंत्र चौदा अँपिअर ओढतं, तेही अहोरात्र. एकाला सोळाचा खटका पुरला असता, म्हणजे अशी दोन. गरम हवा जायला काचेला भोक. सोळाचा खटका सारखा पडायचा, म्हणून बत्तीसचा बसवला. तार मात्र सोळाचीच राहिली. ती आतल्या आत भाजत गेली."

"म्हणजे धाकटा," भाऊजी म्हणाले.

"त्याचा कॉम्प्युटर इस्त्रीइतकीही वीज खात नाही, भाऊजी." ती थोरल्याकडे, सुनेच्या नवऱ्याकडे वळली. "खटक्यावरचा आकडा काजळीखाली होता. मी पुसायच्या आधीच तुम्ही बत्तीस म्हणालात."

थोरला खाली बसला. भाऊजींनी नजर दुसरीकडे वळवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सुनेने सासऱ्यांना विचारलं.

"आगीच्या आदल्या दिवशी खटका पाहिला. काढ म्हटलं, तर 'उद्या' म्हणाला."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"तू त्याला सोडून गेली असतीस. माझं काय, कुठंही पडून राहीन."

दाराशी म्हाताऱ्याची भरलेली बॅग होती. सुनेने ती आत नेली, कपडे पुन्हा कपाटात लावले आणि रिकामी बॅग नवऱ्यापुढे ठेवली.

"बाबा इथंच राहतील," ती म्हणाली. "तुमचे कपडे तुम्ही भरा."