भिंतीतलं बायकांचं दार

सटकन वेताची छडी गाढवाच्या पाठीवर बसली. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा गाढवं हाकणारा पोरगा शेकुवे मध्ये घुसला आणि ती त्याच्या खांद्यावर आदळली.

"माझ्या गाढवाला हात लावायचा नाही!" तो किंचाळला.

"मग हाक की त्याला, भिकारड्या!" कोम्बो मिस्त्री गुरगुरला.

"ओझं किती लादलंयस बघ! ते काय जहाज आहे?"

लामू बेटावरच्या त्या बोळात ओझ्याचं एक गाढव जेमतेम मावतं. म्हणून तिमा आणि तिचा धाकटा भाऊ फुमो भिंतीला पालीसारखी चिकटली होती. झटापटीत गोणपाट सरकलं. खाली काळेभोर वासे होते, टोकांना लाल पट्टे रंगवलेले.

तिमा वाकून बघू लागली. अगदी असेच वासे तिच्या आईच्या खोलीवर होते.

"फुमो, शेजारच्या बिबी मारिटच्या घराची दुरुस्ती चाललीय ना?"

"हो. का?"

"मग सामान आत जायला हवं. हे बाहेर का चाललंय?"

बिबी मारिट नॉर्वेची, नोकरी संपवून आलेली नर्स. जुनं घर घेतलं आणि तिचा खिसा रिकामा झाला. मग ती स्वतःच अंगणात चुना चाळायची, राजमा-भातावर दिवस काढायची आणि घासाघीस अशी करायची, की मासेवाले तिला बघून टोपली झाकायचे! कोम्बोनं सगळ्यांत कमी भाव सांगितला, म्हणून काम त्याला मिळालं. "वरचे वासे कुजलेत, जिना चढू नका," असं तो म्हणाला आणि ही चढली नाही. स्वस्तात मिळालेल्या माणसाला प्रश्न विचारायची तिला धास्ती वाटायची. हात पांढरे करून ती खाली बसून राहायची आणि वर घर सोललं जायचं.

तिमा धावत दगडी कट्ट्यावर गेली. तिथं अबुद आजोबा आणि गल्लीतली म्हातारी मंडळी कॉफी पीत बसली होती.

"आजोबा, मिस्त्री वासे काढून नेतोय! आमच्या भिंतीतले!"

"शाळेला सुट्टी लागली, की पोरांना भुतं दिसतात," आजोबा म्हणाले. कट्टा खो खो हसला. "जा, आईला मदत कर."

"हसा!" तिमा पुटपुटली. "चला रे. आपणच बघू."

ओझं धक्क्यावर टाकून शेकुवेही परतला होता. तिघं तिमाच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीत उतरली. तिथल्या वरच्या खोलीला छप्पर नव्हतंच! वासे उपटल्यामुळे सामायिक भिंतीला भोकं पडली होती. दोन्ही घरांचे वासे त्या एकाच भिंतीत टेकलेले. एका बाजूचे गेले, की दुसऱ्या बाजूचे नुसत्या भुग्यावर. तिमाला भोकांतून आपल्याच घराच्या वाशांची टोकं दिसली. त्यांच्याखालून वाळू गळत होती.

कोम्बो पहारीनं शेवटचा वासा उचकटत होता.

"थांब! पलीकडे माझी आई झोपलीय!"

"मग उठव तिला!" तो हसला. "हॉटेलवाले जुन्या वाशांना चांगले पैसे देतायत, होडी घेऊन थांबलेत."

तिमानं पहारीला हात घातला. त्यानं उलट्या हातानं अशी थोबाडीत दिली, की तिचा ओठ फाटला. फुमो त्याच्या मांडीला कडाडून चावला. कोम्बोनं त्याला लाथेनं उडवलं, पोरगं भिंतीवर आपटलं. तेवढ्यात शेकुवेनं वाळूची बादली कोम्बोच्या डोक्यात घातली.

"पळा!"

अर्धवट उचकटलेला वासा निखळला. भिंत मोठ्यानं कण्हली.

आईचे बाळंतपणाचे चाळीस दिवस चालू होते; तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. बाळ तान्हं, बाबा समुद्रावर. दाराशी म्वानातुमू मावशी पहाऱ्याला बसलेली.

"मावशी, आईला बाहेर काढ! भिंत पडतेय!"

"ओली बाळंतीण? रस्त्यावर? लोक काय म्हणतील? आणि ओठाला काय झालं तुझ्या?"

"लोक खड्ड्यात गेले!" तिमा ओरडली. "दगड पडल्यावर लोक येणार आहेत का बाळाला उचलायला?"

गिलाव्याचा पोपडा बाळाच्या दुपट्यावर पडला. मावशीनं झटकन बाळाला उचललं. आई मात्र शांतपणे उठून बसली.

"रस्ता नको. ते फडताळ सरकवा. मागे बायकांचं दार आहे."

पूर्वी गल्लीतल्या बायका घराघरांतून आतल्या आत फिरायच्या, रस्त्याला पाय न लावता. तिमाच्या आजीचं दुसऱ्या बाजूच्या शेजारणीशी भांडण झालं आणि दार दगडांनी बुजवलं गेलं. बाहेरगावच्या कोम्बोला असलं काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. गल्लीतली माणसंसुद्धा विसरली होती!

फडताळ सरकलं. शेकुवेनं येताना उचललेला कोम्बोचा घण दगडांवर घातला. धाड! धाड!

"कोण फोडतंय माझी भिंत?" पलीकडून शेजारीण शुफाआ चाची गरजली.

"आम्ही! तुम्हीही फोडा!"

"अक्कल गहाण टाकलीय का?"

"चाची, घर पडतंय! आई आत आहे!"

चाचीनं सुनांना हाक मारली. मग पलीकडून मुसळाचे दणके सुरू झाले. चाचीच्या तीन सुना एका तालात मुसळ हाणत होत्या! दगड ढासळले, धुळीतून आठ हात पुढे आले. आधी बाळ गेलं, मग आई, मग मावशी. तिमानं फुमोला ढकललं, शेकुवेला ढकललं आणि स्वतः उडी मारली.

मागे आकाश फाटल्यासारखा आवाज झाला. वासे काड्यांसारखे मोडले. आईच्या पलंगावर माणसाएवढा ढिगारा बसला. उशीचं एक टोक तेवढं वर दिसत होतं.

"कोम्बो पळतोय!" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

शेकुवेनं तोंडात बोटं घालून शीळ घातली. त्याच्या काकांची सगळी गाढवं बोळात घुसली. पुढे गाढवं, मागे गाढवं, मध्ये कोम्बो! त्यानं छडी उगारली आणि सकाळच्याच गाढवानं मागचे दोन्ही पाय झाडले. हाड मोडल्याचा आवाज तिमानं ऐकला. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

लोक काठ्या घेऊन आले. कोपरापर्यंत चुन्यानं माखलेली बिबी मारिट आली, ढिगारा बघून मटकन खाली बसली. मग तिनं उठून कोम्बोच्या कानाखाली असा आवाज काढला, की गल्ली गप्प झाली.

"आता पुरे!" तिमा म्हणाली. "याला पोलिसांत द्या आणि होडी अडवा. वासे होडीत आहेत."

होडी सापडली. संध्याकाळी वासे गल्लीत परत आले. शुफाआ चाचीच्या खोलीत आई बाळाला पाजत होती. फोडलेल्या दाराला चाचीनं पडदा लावला आणि जाहीर केलं, "हे दार बुजवायला जो येईल, त्याचं डोकं मुसळाखाली!"

अबुद आजोबा काठी टेकत आले. "शाबास, तिमा! तुम्ही पोरांनी आज गल्लीची अब्रू राखली."

"सकाळी सांगितलं तेव्हा हसलात, आजोबा."

मावशीनं डोळे वटारले. बिबी मारिटनं खाली मान घातली; तीही जिना चढून बघायला गेली नव्हती.

आजोबांनी तिमाच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. मग काठी शेकुवेच्या हातात दिली, पांढराशुभ्र झगा कमरेला खोचला आणि पहिला वासा स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"बघत काय बसलात?" ते कट्ट्यावरच्या मंडळींवर खेकसले. "उठा! भिंत कुठून उभी करायची, ते ही पोर सांगेल."