कुणी न उतरलेलं पाणी

ओझरच्या रस्त्याला जिनेश शेठचा पोहायचा टँक आहे. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. यंदा मात्र भर मे महिन्यात फाटकाला कुलूप लागलं होतं. पोरांचे डोळे आले, जुलाब सुरू झाले, दोन मुली तर सलाईनवर गेल्या. तेव्हा जिनेशनं टँक बंद केला, उपसला, फरशी घासून घेतली आणि बोअरचं ताजं पाणी भरलं. पाणी चांगलं निघालं की उघडायचं, एवढंच राहिलं होतं. ते तपासायला बायका-पोरांना पोहणं शिकवणारी पुष्पा त्या दुपारी निमगाव सावाहून आली.

टळटळीत ऊन होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

फाटक उघडलं आणि तिच्या डोळ्यांत वास झोंबला. लोक त्याला औषधाचा वास म्हणतात. पण पुष्पाला माहीत होतं, नुसतं क्लोरीन असं उग्र मारत नाही. त्यात माणसांचा घाम मिसळावा लागतो, पोरांनी चोरून केलेली लघवी मिसळावी लागते. गर्दीचा वास होता तो. आणि या पाण्यात तर अजून कुणी उतरलंच नव्हतं.

तिनं नळीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. काल संध्याकाळी तिनंच क्लोरीन सोडलं होतं, तेव्हा रंग हळदीसारखा आला होता. आज रंगच चढेना, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंच नव्हतं.

तिनं फोन केला तसा जिनेश मोटरसायकलवरून आला.

"रात्री कुणी भिंतीवरून उड्या मारल्या असतील, ताई."

"एवढं औषध खायाला जत्रा उतराय पायजे, भाऊ."

दोघांनी पुन्हा क्लोरीन टाकलं आणि पत्र्याच्या सावलीत बसून राहिले. पाणी निळंशार, तळाची फरशी स्वच्छ दिसत होती. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

मग काठावरून थोडं पाणी सांडलं. चळ्ळ… पलीकडच्या बाजूला पुन्हा. हळूहळू चारी काठांवरून पाणी गटारीत गळायला लागलं.

"मोटर चालू राहिली का?" जिनेशनं विचारलं.

"लाईटच न्हाई, भाऊ…"

पाण्यावर एक लाट नव्हती. पण पातळी चढत होती, एकामागून एक माणसं आत उतरावीत तशी. खोल बाजूनं पाणी गढूळलं, कुणी ताक ओतावं तसं पांढरट होत अलीकडे आलं. फरशीच्या रेघा पुसल्या गेल्या.

"तळ दिसंना…" पुष्पा ताडकन उठून काठाशी गेली. तळ दिसला नाही की बुडालेलं माणूस दिसत नाही. इतकी वर्षं तिला भीती होती ती याचीच. काही कळायच्या आत तिनं गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि बॅच बाहेर काढताना वाजवायची तशी लांबलचक वाजवली.

पाणी एकदम वीतभर खाली गेलं.

जिनेशनं तिचा दंड घट्ट धरला. "ताई… मला कुणीतरी घासून गेलं." त्याची बाही ओलीचिंब झाली होती. समोर अर्धवट उघडं फाटक हलायला लागलं. ते हलतच राहिलं, किती तरी वेळ.

तेवढ्यात पुष्पाचा फोन वाजला. कुंपणापलीकडच्या शेतातली लंकाबाई होती.

"पुष्पे, तुजी शिट्टी आयकली मी. पोरं आमच्या शेततळ्यात कशाला सोडलीस गं?"

"कुठली पोरं, मावशी?"

"दिसत तर कुणीच न्हाई… पन तळं भरून सांडाय लागलंय. आन आमची भागू काठाला हुबी राहून कुणाशी तरी बोलतीया."

"धरा तिला! आधी तिला धरा, मावशी!"

दोघं धावत सुटले. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. ढेकळांतून ठेचकाळत पुष्पा बांधावर पोचली तेव्हा लंकाबाईनं नातीला छातीशी कवटाळलं होतं. भागूचे कपडे कोरडे होते. पाणी बांधावरून निथळत होतं आणि त्याला तोच झोंबणारा वास होता.

पुष्पा तिच्यापुढं खाली बसली. "कोण व्हतं गं, भागू?"

पोरगी रुसली होती. लालभडक झालेले डोळे चोळत तिनं तळ्याकडं बोट केलं.

"मला घेतच न्हाईत. म्हनत्यात, आज जागा न्हाई… उद्या ये."